परतीची तार

१

मास्तर शिडीवरून पडले तेव्हा माझी पाठ त्यांच्याकडे होती. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला, मग शिडी करकरली आणि मग धप्प. कार्यशाळेतले सगळे मास्तरांकडे धावले. मी उलट्या दिशेला, बाहेरच्या बोर्डाकडे पळालो. बावीस वर्षं पोलिसात काढली की ही खोड लागते. पडलेल्या माणसाला बघायला दहा जण असतात, तो पडला कसा हे बघायला कुणीच नसतं.

बोर्ड दाराबाहेरच्या बोळात आहे. तिथे आमच्या वर्गातल्या बाई उभ्या होत्या. एका हातात उघडलेलं कुलूप, दुसऱ्यात किल्ली. बोर्डाचा खटका खाली होता, म्हणजे बंद. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी बंद करायला धावले," त्या म्हणाल्या. "पण तो बंदच होता हो!"

एवढं ऐकलं आणि माझ्यातला फौजदार खडबडून जागा झाला. मेला नव्हताच तो, नुसता डोळे मिटून पडला होता.

आमच्या वायरमनच्या वर्गात एक नियम आहे. शिडीवर चढायच्या आधी खटका बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. आपला जीव आपल्या खिशात, असं मास्तर म्हणायचे. त्या मंगळवारी मात्र त्यांनी किल्ली बाईंच्या हातात दिली होती. "आज माझा जीव तुमच्याकडे. जबाबदारी म्हणजे काय ते कळू दे," असं हसत हसत म्हणाले आणि चढले. छताजवळच्या जंक्शन बॉक्समधले तारांचे जोड सोडून ते आम्हाला दाखवणार होते. साडेदहा वाजले होते.

खटका बंद, त्याला कुलूप, आणि तरीही मास्तरांना शॉक. कुलूप उघडलेलं सापडलं ते बाईंच्या हातात. यात कोडं ते काय? दहा मिनिटांत अख्ख्या वर्गाने निकाल देऊन टाकला. बाईंनी मधेच खटका वर केला आणि ओरडा ऐकून खाली केला.

बाई म्हणजे आमच्या वर्गातल्या एकुलत्या एक बाई. एकोणीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या. कारखाना बंद पडला, तशी पन्नाशीला टेकलेल्या या बाईंनी सुई ठेवून पक्कड उचलली. एका वसतिगृहाने त्यांच्यासाठी वायरमनची जागा धरून ठेवली होती. शुक्रवारी परीक्षा होती. सोमवारपासून कामावर.

आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, राजीनामा दिलेला फौजदार. वर्गात सगळे मला त्याच नावाने हाक मारायचे. मला ते टोचायचं, पण चेहऱ्यावर दाखवायचो नाही. तारा सोलता सोलता मी हळूहळू माणसात येत होतो. तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं, स्टोअरच्या खोलीत दोन सॉकेटचा एक पॉइंट काढायचं. मी तो काढला. मास्तरांनी विचारलं, "सगळं नीट?" मी म्हटलं, "सगळं नीट." त्या दिवशी घरी जाऊन बायकोला मी अर्धा तास त्या पॉइंटचं कौतुक ऐकवलं होतं.

रुग्णवाहिका गेली. मास्तर शुद्धीवर नव्हते. वरून शिपाई धावत आला आणि म्हणाला, "फौजदार, प्राचार्यांनी बोलावलंय. तुम्हाला एकट्याला."

२

प्राचार्य खोलीत येरझारा घालत होते. मला बघून एकदम मायाळू झाले.

"साहेब, तुम्ही यातले जाणकार. पोलीस यायचे तेव्हा येतील. पण गुरुवारी अकराला विश्वस्तांची बैठक आहे, त्यांच्यापुढे मला काहीतरी ठेवावं लागेल. त्या बाईंशी तुम्ही बोला ना. शांतपणे. काय झालं ते एका कागदावर आलं की बरं."

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द आलाही होता. मी नोकरी का सोडली ते प्राचार्यांना ठाऊक नव्हतं. एका गोदामाच्या रखवालदाराकडून मी चोरीची कबुली घेतली होती. हात लावला नाही, आवाज चढवला नाही, नुसता तीन तास बोललो. आठ महिन्यांनी खरा चोर दुसऱ्याच गावात सापडला. "चला, सुटला ना शेवटी," असं माझे वरिष्ठ म्हणाले आणि फाईल बंद केली. मला ती बंद करता येईना. जेवताना, गाडी चालवताना, दाढी करताना तो माणूस समोर यायचा. शेवटी राजीनामा देऊन टाकला.

हे सगळं माहीत असूनही मी प्राचार्यांना म्हटलं, "बघतो बोलून." कुणीतरी साहेब म्हणालं की अजून छाती फुगते, दुसरं काय!

बाई रिकाम्या वर्गात बसल्या होत्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसलो. समोर बसायचं नाही, बाजूला बसायचं. आवाज खाली ठेवायचा. पाणी आणून द्यायचं. सगळं कसं आपोआप होत गेलं.

"मी फक्त कुलूप उघडलं साहेब. ओरडा ऐकल्यावर. खटका खालीच होता."

"ओरडा आधी की कुलूप आधी?"

"ओरडा आधी."

"नक्की? मी धावत आलो तेव्हा कुलूप उघडून झालं होतं. एवढ्या घाईत किल्ली लगेच लागली?"

"लागली. म्हणजे... लागली असेल. माझे हात कापत होते."

"हात कापत होते. मग कधी काय झालं हे नीट आठवणं कठीणच. कुणाचंही होतं तसं. तुम्ही बोळात एकट्या उभ्या. दहा मिनिटं झाली. खटका खरंच बंद आहे ना, अशी शंका येतेच माणसाला. म्हणून बघायला कुलूप काढलं. खटक्याला धक्का लागला. यात कुणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही, बाई."

त्या गप्प राहिल्या. मीही गप्प राहिलो. गप्प राहणं हे माझं सगळ्यात जुनं हत्यार. दीड तासात मी त्यांना तोच प्रसंग पाच वेळा सांगायला लावला आणि दर वेळी थोडा थोडा माझ्या बाजूला वळवत नेला. शेवटी त्यांनी पदर तोंडाला लावला.

"झालं असेल तसं," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळेच झालं असेल. देवासारखा माणूस हो तो."

मी लिहून काढलं. त्यांनी न वाचता सही केली. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली आणि कागदाची एक प्रत माझ्याही हातात दिली.

३

संध्याकाळी घरी माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत.

"अहो, बसा एका जागी," बायको म्हणाली. "फरशी झिजेल. आज काय झालंय?"

सांगितलं. कागदही दाखवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी. पण तिने सांगितलं तसं."

"ती शिलाई करणारी बाई 'सदर खटका अनवधानाने चालू स्थितीत गेला' असं बोलली?"

"तसं नाही, पण अर्थ तोच."

"मग मला एक सांगा, तिने तुम्हाला सांगितलं, की तुम्ही तिला सांगितलंत?"

माझं डोकंच फिरलं. "तुला काय कळतं यातलं?" असं म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती कागद माझ्या ताटाशेजारी ठेवून आत गेली. रखवालदाराच्या वेळी तिने मला काही विचारलं नव्हतं, आणि पुढे कितीदा तरी म्हणाली होती की विचारायला हवं होतं.

सकाळी मी तिला म्हटलं, "परवा अकराला बैठक आहे."

"परवा नाही, उद्या," ती म्हणाली. "आज बुधवार. झोप लागत नाही म्हणून वारही चुकायला लागलेत तुमचे."

एकच दिवस उरला होता.

४

दवाखान्यात मास्तर शुद्धीवर आले होते. कंबरेचं हाड मोडलं होतं, डोक्याला पट्टी होती. पडण्याआधीचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. शिडीवर चढलो, एवढंच म्हणाले. मग मला जवळ बोलावून पुटपुटले, "बाईंना सांगा, परीक्षा चुकवू नका म्हणावं. हात चांगला आहे त्यांचा." मी नुसती मान हलवली.

मान हलवताना माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. दोन्ही हातांना मलम लावलेलं होतं. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. डाव्या अंगठ्यावरही तसाच.

बाहेरच्या बाकावर आमच्या वर्गातला ड्रायव्हर बसला होता. आयुष्यभर बस चालवली, नजर कमी झाली म्हणून वायरमन व्हायला आलेला. (वर्गात म्हणायचे, याने जोडलेल्या तारांना हात लावायच्या आधी मृत्युपत्र करा.) काल शिडी त्यानेच धरली होती.

"मला सांग, मास्तरांनी वर काय काय केलं? सुरुवातीपासून."

"फौजदार, मी काही केलं नाही हं!"

"तुझ्यावर कोण संशय घेतंय? फक्त सांग. मी मधे बोलणार नाही."

आणि या वेळी मी खरंच मधे बोललो नाही.

"चढायच्या आधी टेस्टर बाहेरच्या चालू सॉकेटमध्ये घालून पाहिला," ड्रायव्हर सांगू लागला. "दिवा लागला. म्हणजे टेस्टर ठीक. मग वरच्या तारांना लावला. दिवा नाही लागला. मग उतरून परत त्या चालू सॉकेटला लावला. लागला. आपल्याला रोज शिकवतात तसंच. मग वर जाऊन लाल तारांचा जोड सोडला. उघड्या बोटांनी तारा सरळ केल्या. काही नाही झालं. मग काळ्या तारांचा जोड सोडला. एक टोक या हातात, दुसरं त्या हातात. जोड सुटला मात्र, आणि मास्तर ताठ झाले."

"काळ्या? नक्की काळ्या?"

"नजर कमी आहे, आंधळा नाही मी. लाल तारा तोवर सोडून बाजूला वाकवलेल्या होत्या."

मी बाकावरून उठलो. परत बसलो. परत उठलो.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल तारेतून वीज दिव्यापर्यंत किंवा पंख्यापर्यंत जाते आणि काळ्या तारेतून परत येते. काळी म्हणजे न्यूट्रल. खटका फक्त लाल तार तोडतो, काळी जोडलेलीच राहते. लाल तोडली की पुढे काही जात नाही, आणि जे गेलंच नाही ते काळीतून परत येणार नाही.

"ड्रायव्हर," मी म्हटलं, "समज बाईंनी त्या क्षणी खटका वर केला. तर वीज कुठपर्यंत येईल?"

"लाल तारेच्या टोकापर्यंत. तिथे जोड सुटलेला." "अरेच्चा! म्हणजे जाणारी गाडी डेपोतच उभी. मग परतीची गाडी आली कुठून?"

"तेच म्हणतोय मी. बाईंनी तो खटका दहा वेळा वरखाली केला असता तरी काळ्या तारेत काही आलं नसतं."

माझ्या खिशातला कागद खोटा होता. सही खरी होती आणि त्यावरचा शब्दन् शब्द खोटा. दुसऱ्यांदा! एकदा चुकलो म्हणून नोकरी सोडली आणि इथे येऊन परत तेच करून बसलो होतो.

"दुसऱ्या डेपोची गाडी असेल," ड्रायव्हर दाढी खाजवत म्हणाला. "आपल्या रस्त्याने परत येणारी."

५

मी जवळजवळ पळतच संस्थेत आलो. ड्रायव्हर बोलून गेला ते अगदी बरोबर होतं. दुसऱ्याच कुठल्या बोर्डावरून निघालेली वीज आमच्या कार्यशाळेच्या काळ्या तारेतून परत जात होती. जोड पक्का होता तोवर ती गुपचूप जात राहिली. टेस्टर लावला तरी पत्ता लागला नसता, कारण परतीच्या तारेत जोर नसतो. मास्तरांनी जोड सोडला, वाट तुटली आणि त्या विजेने मास्तरांच्या छातीतून वाट काढली. मास्तरांचं काहीच चुकलं नव्हतं. बाईंचंही नाही. कुणीतरी आळशी माणसाने आपल्या कामाची काळी तार त्या बॉक्समध्ये आणून अडकवली होती.

कोणी? ते शोधायची युक्ती सोपी होती. वाट तुटल्यावर त्या विजेवर चालणारं यंत्रही बंद पडलं असणार. मंगळवारी साडेदहाला या इमारतीत काय बंद पडलं, एवढंच विचारायचं.

कार्यालयातल्या कारकूनबाई म्हणाल्या, काही नाही. शिपाई म्हणाला, पाण्याचा पंप चालूच होता. वरच्या मजल्यावर दिवे, पंखे सगळं ठीक. मी तासभर मजले पालथे घातले. गुडघे बोलायला लागले. शेवटी खाली येऊन स्टोअरच्या दारात टेकलो.

स्टोअरवाले काका नवीन किटली खोक्यातून काढत होते.

"बरं झालं आलात, फौजदार. या किटल्यांनी उच्छाद मांडलाय नुसता. जुनी जळाली म्हणून काल संध्याकाळी ही आणली, तर हीसुद्धा मेली! पाणी आपलं गारच्या गार."

"जुनी कधी जळाली?"

"अहो, तो गोंधळ झाला ना, तेव्हाच. माझी साडेदहाची चहाची वेळ. बटण दाबलं, सूं आवाज सुरू झाला आणि मधेच गप्प. मला वाटलं लाईट गेली, पण वरचा दिवा तर चालू. तेवढ्यात मास्तर पडले म्हणून ओरडा झाला. मग कोण किटलीकडे बघतंय?"

मी आत गेलो. भिंतीवर दोन सॉकेटचा पॉइंट होता. एकात नवीन किटलीचा प्लग, बटण दाबलेलं. मी टेस्टर दुसऱ्या सॉकेटच्या एका भोकात घातला. दिवा लागला. लागायलाच हवा. मग दुसऱ्या भोकात घातला. तिथे लागायला नको होता.

तिथेही लागला.

दोन्ही भोकांत दिवा लागला की समजायचं, परतीची वाट कुठेतरी तुटली आहे. ती कुठे तुटली आहे हे मला बघावं लागलं नाही. भिंतीपलीकडे कार्यशाळा होती आणि बरोबर या पॉइंटच्या वर, छताजवळ, तो जंक्शन बॉक्स होता, काळी टोकं लोंबकळत असलेला.

मी बटण बंद केलं आणि प्लग उपटून काढला.

"काय झालं?" काका म्हणाले. "पॉइंट तर तुम्हीच काढलेला आहे. पहिलाच ना तुमचा? झकास काढला होतात की."

६

आठवायला काही कष्ट पडले नाहीत. तीन आठवडे मी ते विसरलो नव्हतो, फक्त त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

लाल तार मी स्टोअरच्याच बोर्डावरून आणली होती. काळी तार संपली, हातभर कमी पडली. दुसरं भेंडोळं आणायला वर जावं लागलं असतं. वर छताजवळ भिंतीला तारांसाठी भोक होतं, त्यातून कार्यशाळेचा बॉक्स हाताला येत होता आणि त्यात काळ्या तारा होत्याच. न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल, असं म्हणून मी तिथेच जोडून टाकली. किटलीचं पाणी उकळलं. काकांनी पाठीवर थाप मारली.

मास्तरांनी नुसतं "सगळं नीट?" एवढंच विचारलं नव्हतं. "न्यूट्रल कुठून घेतली?" असंही विचारलं होतं. आणि मी, लोकांच्या थापा पकडण्यात केस पांढरे केलेला मी, म्हणालो होतो, "बोर्डावरून." माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते शिडीवर चढले होते.

गुरुवारी नऊ वाजता मी प्राचार्यांच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं. टेस्टर घेऊन खाली नेऊन दाखवलं. त्यांना पटलं. ते शिकवत नसले तरी या धंद्यातले आहेत.

"बरं झालं सापडलं," ते हळूच म्हणाले. "आता आपण असं करू. जुन्या वायरिंगमधला दोष, असं लिहू. इमारत जुनी आहेच. कोणी जोडलं, कधी जोडलं, कोण विचारतंय? बाई परीक्षेला बसतील, तुम्हीही बसाल. सगळं गोड."

खरं सांगतो, मोह झाला. चांगला घसघशीत मोह झाला. या वयात तिसऱ्यांदा नव्याने सुरुवात कुठून करणार? बायकोला काय सांगणार?

"आणि बाईंच्या सहीचा कागद?" मी विचारलं.

"तो विश्वस्तांकडे गेलाय. राहू दे फाईलला. जुन्या वायरिंगचं कारण कुणाला पटलं नाहीच, तर तो असेल हाताशी."

"म्हणजे दोष कुणाचाच नाही, पण कबुली बाईंची."

"असं कशाला बघता?"

असं बघितलं नव्हतं म्हणूनच तर तो रखवालदार आठ महिने आत बसला होता. मी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला. आयुष्यात शेकड्यांनी जबाब लिहिले, पण स्वतःचा कधी लिहिला नव्हता. पहिली ओळ येईना. मग वाटलं, सरळच लिहू. स्टोअरमधला पॉइंट मी काढला. त्याची न्यूट्रल मी कार्यशाळेच्या बॉक्समध्ये जोडली. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. बाईंनी काही केलं नाही, त्यांच्या तोंडी मी माझे शब्द घातले. खाली सही.

बैठकीत मला उभं केलं. बाईंचा कागद सगळ्यांसमोर रद्द झाला, ते मी डोळ्यांनी बघूनच बाहेर पडलो. माझं नाव वर्गातून कमी झालं. पोलीस आले की माझा जबाब त्यांच्या हातात जाणार, असंही सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे.

७

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेने उघडलं. मला बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आत बाईंचा मुलगा होता, त्याने तर मान वरच केली नाही.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. समोर पुस्तक नव्हतं, वही नव्हती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की खटक्याचा काही संबंध नव्हता. चूक माझी होती. तुमचा कागद रद्द झाला. उद्या तुम्ही परीक्षेला बसा, मास्तरांनीही तेच सांगितलंय.

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. दोन्हीची तयारी करून आलो होतो.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "मला आठवतंय की."

"काय आठवतंय?"

"खटका वर गेलेला. या हाताने. दोन दिवस आठवतंय मला. जेवायला बसले तरी हाताला तो खट्ट जाणवतो."

"बाई, तसं झालंच नाही. ते मी सांगितलं होतं तुम्हाला. मी सांगून सांगून—"

"ते कळलं मला. शहाणी आहे मी." त्यांचा आवाज चढला. "पण आठवतंय त्याचं काय करू, ते सांगा ना! उद्या शिडीखाली उभी राहीन तेव्हा हाच हात असणार माझा. यावर मी भरवसा कसा ठेवू?"

बावीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. की विचारला होता, आणि मी तेव्हा फाईल बंद करून निघून गेलो होतो, कोण जाणे. मला उत्तर येत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायचंही सुचलं नाही.

बाई उठल्या. मुलाला म्हणाल्या, "खुर्ची दे रे यांना." मग सुनेकडे वळल्या. "तूही ये इथे. परवा मी तुम्हा दोघांना सांगितलं ना, माझ्या हातून झालं म्हणून? आता यांच्या तोंडून ऐका." आणि मला म्हणाल्या, "बसा. पहिल्यापासून सांगा. दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांगा. मला ते इतकं ऐकायचंय की माझं आठवणं जाईल आणि तुमचं सांगणं राहील."

मुलाने खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवली. सून दाराला टेकून उभी राहिली. मी बसलो आणि सांगायला लागलो.